मोठ्या विमानाच्या मागे किती लांब थांबायचं?

प्रश्न : माझी मुलगी वैमानिक होण्याचं प्रशिक्षण घेते आहे. ती म्हणते, वर गेल्यावर काही वाटत नाही, पण विमानतळावर मोठ्या जेटच्या मागून छोटं विमान न्यायचं असलं की पोटात गोळा येतो. इन्स्ट्रक्टरही सारखे "लांब थांब, लांब थांब" म्हणत असतात. माणसाच्या धावण्याच्या वेगाने जमिनीवर सरकणाऱ्या विमानाला एवढं काय होणार आहे? (नागपूरहून एक वाचक)

उत्तर : इन्स्ट्रक्टरांचं म्हणणं बरोबर आहे, आणि मुलीच्या पोटातला गोळाही योग्य जागी आला आहे. तो वर गेल्यावर येण्यापेक्षा इथे आलेला बरा.

विमान उडतं ते पंखावरून पुरेशा वेगाने हवा वाहते म्हणून. ती हवा विमान पुढे पळाल्यामुळे वाहिली की समोरून वारा आल्यामुळे, याच्याशी पंखाला काही देणंघेणं नसतं. वळवाच्या वादळात घरावरचे पत्रे उडतात तेव्हा ते घर काही धावत नसतं. प्रशिक्षणासाठी जगभर वापरलं जाणारं सेसना 172 हे विमान घ्या. माणसं, इंधन, सामान असं सगळं भरून त्याचं वजन जास्तीत जास्त 1,157 किलो. म्हणजे एखाद्या मध्यम मोटारीएवढं. पण मोटारीला पंख नसतात. याला 11 मीटर लांबीचा पंख आहे आणि त्याचं क्षेत्रफळ 16 चौरस मीटरच्या वर जातं. धावपट्टीवर वेग 55 नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे 100 किलोमीटरवर आला की वैमानिक त्याचं नाक उचलतो आणि ते जमीन सोडतं. आता हाच ताशी 100 किलोमीटरचा वारा विमान उभं असताना आला तर? विमान उचललं जाण्याची सगळी सामग्री तयार आहे. वैमानिकाची तयारी मात्र नाही.

आता मागच्या बाजूचा हिशोब पाहू. आपल्याकडे रोज दिसणारं एअरबस ए320 निओ हे काही अजस्र विमान नव्हे. त्याच्या एकेका इंजिनाचा पूर्ण जोर 120 किलोन्यूटनच्या आसपास असतो. विमानतळावरच्या धुराचं गणित मांडताना आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटना, म्हणजे आयकाओ, जमिनीवर चालणाऱ्या विमानाचा जोर पूर्ण जोराच्या 7 टक्के धरते. प्रत्यक्षात तो बहुधा याहून कमी असतो, पण अंदाजापुरता तोच धरू. दोन्ही इंजिनं मिळून सुमारे 17 किलोन्यूटन, म्हणजे 1,700 किलोचं वजन तोलून धरेल एवढा रेटा. इंजिनं नुसती सुस्त चालत असताना! पुढे हा रेटा मिळतो तो मागे तेवढीच हवा फेकून. सेसनाच्या सगळ्या वजनापेक्षा मोठा असलेला हा जोर हवेच्या रूपात सतत शेपटीमागे जात असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ए320 च्या जागी बोइंग 777-300 ईआर ठेवलं तर एकेका इंजिनाचा जोर 500 किलोन्यूटनच्या वर जातो. त्याची सुस्त चाल म्हणजे काय, हे तुम्हीच चौपटीने काढा.

हा प्रश्न किती एकतर्फी आहे ते मला एका नकाशावरून नीट कळलं. विमान बनवणाऱ्या कंपन्या विमानतळ आखणाऱ्यांसाठी पुस्तिका काढतात. त्यांत विमान किती जागेत वळतं, त्याचं चाक किती भार टाकतं, दरवाजे किती उंचीवर आहेत असलं सगळं असतं, आणि त्याबरोबर शेपटीमागच्या हवेच्या वेगाचे नकाशेही असतात. पावसाच्या नकाशात रेषा असतात तशाच एकात एक लांबट रेषा. बोइंगच्या नकाशांत सर्वांत बाहेरची रेषा बहुधा ताशी 35 मैलांची, म्हणजे 56 किलोमीटरची असते. त्याच्या पलीकडे रेषा काढत नाहीत, कारण मोठी विमानं, ट्रॅक्टर आणि माणसं यांच्या दृष्टीने पुढचा वारा फारसा हिशोबात धरण्यासारखा उरत नाही. पण 35 मैल म्हणजे 30 नॉट. सेसना 172 च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा चाचणीत दाखवलेला आकडा आहे 15 नॉट. ती काही कायद्याने घातलेली मर्यादा नव्हे, पण शिकाऊ वैमानिकाने तिच्या आतच राहावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. तेव्हा मोठ्या विमानाच्या नकाशात जिथे धोका संपतो असं दिसतं, तिथे छोट्या विमानावर त्याच्या सवयीच्या वाऱ्याच्या चौपट दाब पडत असतो. टेक-ऑफच्या पूर्ण जोरात मोठ्या जेटची ही रेषा कितीतरी शे मीटर मागे गेलेली असते.

इंजिनांमागचा हा हवेचा झोत मागे जाताना पसरतो आणि मंदावतो. इंजिनाजवळचा थोडा पट्टा सोडला तर ढोबळ नियम असा की अंतर दुप्पट झालं की मधल्या धारेतला वेग साधारण निम्मा होतो. म्हणजे दाब चौथाईवर येतो. "लांब थांब" या सूचनेमागे एवढं सोपं गणित आहे : अंतर दुप्पट करा, दाब चौथाईवर आणा. यात दोन मेख आहेत. विमानं वाऱ्याकडे तोंड करून उडतात, त्यामुळे समोरून येणारा नैसर्गिक वारा इंजिनांचा झोत आणखी मागे ढकलतो. ज्या दिवशी वारा जोराचा, त्या दिवशी झोतही लांब. दुसरी मेख अशी की झोतातली उष्णता लवकर विरते आणि वेग मात्र मागे टिकतो. गरम हवा लागत नाही म्हणून आपण सुरक्षित अंतरावर आहोत, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. रॉकेलचा वास येणं हा त्याहून भरवशाचा इशारा. वास आला म्हणजे ती हवा आपल्यापर्यंत पोचली.

हे सगळं ऐकल्यावर वाटेल की सर्वांत मोठा धोका टेक-ऑफच्या वेळी. आकड्यांनी पाहिलं तर तसंच आहे. पण टेक-ऑफच्या वेळी जेट धावपट्टीच्या रेषेत असतं, झोत सरळ मागे जातो, आणि मागे बहुधा मोकळी जमीन असते. धावपट्टीच्या टोकाअलीकडे पिवळ्या बाणासारख्या पट्ट्या रंगवलेला डांबरी तुकडा दिसतो ना, तो ब्लास्ट पॅड. त्यावर विमान उतरवायचं नसतं, चालवायचंही नसतं. झोताने माती उखडली जाऊ नये एवढ्यासाठी तो बांधलेला असतो. जेट कुठे उभं राहून जोर लावणार आहे हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणून टेक-ऑफच्या झोतापासून स्वतःला वाचवणं त्या मानाने सोपं जातं.

छोट्या विमानांना गाठतो तो दुसराच क्षण. उभं असलेलं जड विमान जागचं हलवायला जास्त जोर लागतो. चाकं एकदा फिरू लागली की तो कमी करता येतो. या सुरुवातीच्या हिसक्याला वैमानिक ब्रेक-अवे थ्रस्ट म्हणतात. टेक-ऑफच्या मानाने तो किरकोळ, सुस्त चालीच्या मानाने पुष्कळ मोठा. जमीन थोडी चढाची असेल, विमान पूर्ण भरलेलं असेल, तर आणखी जास्त. आणि हा हिसका लागतो कुठे? पार्किंगच्या जागेतून निघताना, रांगेत थांबून पुन्हा हलताना. याच जागी विमानाला वळायचंही असतं. जेट काटकोनात वळलं की त्याची शेपूट मागच्या आवारावरून चाप काढत फिरते, आणि दोराने बांधलेली छोटी विमानं, इंधनाची गाडी, बाजूने चाललेला सेसना हे सगळं त्या चापात काही सेकंदांसाठी येतं. मोठं प्रवासी जेट असण्याचीही गरज नाही. खासगी मालकीच्या बिझनेस जेटची इंजिनं शेपटीशी, बरीच खाली बसवलेली असतात. त्यांचा झोत सेसनाच्या पंखाच्या उंचीवरूनच जातो. ही जेट विमानं छोट्या विमानांच्याच आवारात उभी राहतात, म्हणून माझ्या मते शिकाऊ वैमानिकाने बोइंगपेक्षा त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं. बोइंगला घाबरायला कोणी शिकवावं लागत नाही.

शेवटचा मुद्दा दिशेचा. झोत नाकावर आला तर छोटं विमान तो बऱ्यापैकी सोसतं. त्याची सगळी घडणच समोरच्या वाऱ्यासाठी आहे. बाजूने आला तर उभी शेपूट वाऱ्यात सापडते आणि विमान त्या बाजूला नाक वळवू पाहतं. सर्वांत वाईट म्हणजे मागून तिरपा, शेपटीच्या एका कोपऱ्यातून आलेला. वारा मागच्या पंखाखाली शिरतो, शेपूट उचलतो, वाऱ्याकडचा मोठा पंखही उचलतो, आणि सगळा भार पुढच्या एका चाकावर नि दुसऱ्या बाजूच्या चाकावर येतो. सेसनासारख्या, पंख वर असलेल्या तीनचाकी विमानात तर हे फार पटकन होतं. विमान पूर्ण उलटलं नाही तरी नाक खाली झुकून फिरता पंखा जमिनीला लागला की काम तमाम. पंख्याची पाती वाकतात ते दिसतंच, पण तो धक्का इंजिनाच्या दांड्यापर्यंत जातो. मग इंजिन उघडून तपासल्याशिवाय ते विमान उडवता येत नाही. जखम कोणालाच झालेली नसते, आणि बिल मात्र लाखांत येतं.

प्रश्न : मग वैमानिकाने करायचं तरी काय? जेट बघून थांबून राहिलं तर मागची विमानं खोळंबतील. (याच वाचकांच्या मुलीने जोडून विचारलेला प्रश्न)

उत्तर : खोळंबू देत. टॉवरला "मला या जेटच्या मागून जायचं नाही, थांबतो" असं सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही. रांगेत अर्धं मिनिट गेल्याबद्दल अजून कोणाचा परवाना गेलेला नाही.

आधी पाहायचं ते जेटच्या पाठीवरच्या आणि पोटाखालच्या लाल लुकलुकत्या दिव्याकडे. इंजिन सुरू करण्याआधी तो लावतात आणि इंजिनं थांबेपर्यंत बंद करत नाहीत. पार्किंगमध्ये शांत उभ्या जेटवर तो लुकलुकत असेल तर इंजिनं चालू आहेत किंवा आत्ता होणार आहेत असं धरून चालायचं. रेडिओवर आवाज आला नाही, जेट हललं नाही, याला अर्थ नाही. दुसरी खूण म्हणजे गवत. विमानतळाच्या कडेचं गवत एका पट्ट्यात आडवं होऊन थरथरत असेल तर झोत कुठपर्यंत आहे ते आपोआप आखून मिळतं. उन्हाळ्यात इंजिनामागची हवा थरथरताना दिसते. तीही बघावी, पण वर म्हटलं तसं, झोत त्या थरथरीच्या बराच पुढे जात असतो.

थांबताना नाक झोताकडे करून थांबावं. अमेरिकेच्या विमान खात्याच्या वैमानिक-मार्गदर्शिकेतही हेच सांगितलेलं आहे : मोठ्या जेटमागे टेक-ऑफची वाट पाहणाऱ्या हलक्या विमानांनी धावपट्टीच्या कडेपासून बरंच मागे, थांबण्याच्या रेषेवर राहावं आणि विमान अशा रीतीने उभं करावं की झोत आलाच तर तो समोरून यावा. ही रेषा किती मागे असते? आयकाओच्या नियमांत मोठ्या विमानांच्या, उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय असलेल्या धावपट्टीसाठी मध्यरेषेपासून 90 मीटर. पण हे 90 मीटर धावपट्टीवरच्या विमानाला धडक होऊ नये म्हणून आणि उपकरणांच्या लहरींत अडथळा येऊ नये म्हणून ठरलेले आहेत. झोतापासून बचाव हा त्यातून मिळणारा उपलाभ. रेषेवर उभं राहिलो म्हणजे सगळं झालं, असं शिकाऊ मुलांना वाटतं ते याच कारणाने खरं नव्हे.

हात कुठे असावेत तेही ऐकून ठेवा, कारण परीक्षेत हे विचारतात आणि प्रत्यक्षात मुलं विसरतात. वारा समोरून तिरपा असेल तर हातातलं सुकाणूचं चाक वाऱ्याकडे वळवायचं, म्हणजे वाऱ्याकडच्या पंखाचा एलेरॉन (मागच्या कडेची हलती पट्टी) वर होतो आणि तो पंख खाली दाबला जातो. वारा मागून तिरपा असेल तर अगदी उलट : चाक वाऱ्यापासून दूर फिरवायचं आणि पुढे ढकलायचं. वाऱ्याकडचा एलेरॉन खाली जातो, शेपटीवरची तशीच पट्टी, एलेव्हेटर, तीही खाली जाते, आणि मागून येणारी हवा त्यांच्या खाली शिरण्याऐवजी वरून दाबते. इन्स्ट्रक्टर इंग्रजीत याला वाऱ्यापासून सूर मारणं म्हणतात. आणि दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून ठेवायचं. झोत एलेरॉन धडाधडा आपटवतो आणि त्यांचे सांधे वाकवतो. विमान उभं करून निघताना कंट्रोल लॉक लावायचा आणि दोर बांधायचे हे त्याच कारणाने. दार? झोतात दार उघडं असलं तर ते बिजागरीतून उपटलं जातं. प्रवासी उतरवून घाईत निघालेल्या छोट्या विमानांच्या बाबतीत हे घडतं.

पार्किंगपाशी इंजिनाची तपासणी करायची असते तेव्हाही विसरू नये की आपल्याच मागे कोणी उभं आहे. सेसनाचा झोत कमी, पण मागच्या माणसाच्या डोळ्यांत खडे घालायला तेवढा पुरतो.

प्रश्न : आमच्याकडे गोंदियाच्या बिरसी विमानतळावर पंख्याची एटीआर विमानं येतात. तिथे शिकणाऱ्या मुलांना हा धोका नसेल, बरोबर ना? (गोंदिया)

उत्तर : कमी आहे, नाही असं नाही. एटीआरही गॅस टर्बाइनवरच चालतं. फरक एवढाच की त्याचा बहुतेक जोर मोठ्या पंख्यातून येतो, त्यामुळे मागची हवा जेटइतकी वेगवान नसते, पण तिचा पट्टा रुंद असतो. त्याच्या सहा पात्यांचा पंखा जवळजवळ चार मीटर व्यासाचा आहे. आयकाओच्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या नियमावलीत जेटचा झोत आणि पंख्याचा झोत यांचा उल्लेख एकत्रच येतो. शिकणाऱ्या मुलांनी एटीआरच्या मागेही तसंच वागावं.

पंख्यावर बोलतोच आहोत तर हेलिकॉप्टरचं सांगून टाकतो, कारण मुंबईत हा प्रश्न जास्त खरा आहे. जुहू विमानतळावर छोटी विमानं आणि हेलिकॉप्टर शेजारी शेजारी वावरतात. बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर जाणारी-येणारी मोठी हेलिकॉप्टरही तिथूनच उडतात. हेलिकॉप्टर जमिनीपासून थोडं वर तरंगत सरकत असतं तेव्हा त्याचं पूर्ण वजन तोलेल एवढी हवा खाली आपटत असते आणि जमिनीला लागून चारी बाजूंना पसरते. जेटला निदान मागची बाजू असते. इथे बाजूच नाही. हलक्या विमानांनी तरंगत्या हेलिकॉप्टरपासून त्याच्या रोटरच्या व्यासाच्या तिपटीहून जवळ जाऊ नये असं अमेरिकी मार्गदर्शिका सांगते. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डेरिफर्ड रुग्णालयात मार्च 2022 मध्ये तटरक्षक दलाचं मोठं हेलिकॉप्टर उतरताना त्याच्या हवेने खालच्या वाहनतळावरून जाणाऱ्या एका वृद्धेला पाडलं आणि त्यात तिचा मृत्यू झाला. ती विमानतळावर नव्हतीच. रुग्णालयाच्या दारात होती.

प्रश्न : जेटच्या मागे सेसना उलटला तर दोष कोणाचा? आणि वेक टर्ब्युलन्स म्हणतात तो हाच का? (पुणे)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते छोटं आहे. तो हा नव्हे. वेक टर्ब्युलन्स पंखांच्या टोकांशी पीळ घेणाऱ्या भोवऱ्यांमुळे होतो. विमान हवेत उचललं जाताना तो सुरू होतो आणि चाकं टेकली की संपतो. इंजिनं बंद असलेलं ग्लायडरही तो करतं. त्याच्यासाठी नियमांत वेळेचे आकडे ठरलेले आहेत. उदाहरणार्थ, 136 टन किंवा त्याहून जास्त वजनाच्या जड विमानाच्या मागून हलक्या विमानाला त्याच जागेवरून उडायचं असेल तर दोन मिनिटं थांबवतात. धावपट्टीच्या मधूनच उडायचं असेल तर तीन. टॉवर घड्याळ बघून हे पाळतो.

जमिनीवरच्या झोतासाठी असं घड्याळ नाही, आणि दोषाचा प्रश्न इथेच अडकतो. आयकाओची नियमावली नियंत्रकांना सांगते की विमानं चालवताना जेटचा आणि पंख्याचा झोत ध्यानात घ्या. त्यासाठी रेडिओवर म्हणायचे ठरलेले शब्दही आहेत, "कॉशन जेट ब्लास्ट". पण किती मीटर, किती सेकंद, हे कोणी बांधून दिलेलं नाही. देता येणंही कठीण आहे, कारण इंजिन किती जोराने चालू आहे हे टॉवरला कळत नाही.

जेटच्या वैमानिकाला कळतं, पण त्याला मागे दिसत नाही. 777-300 ईआर साधारण 74 मीटर लांब आहे. त्याच्या कॉकपिटमधून शेपटीमागे काय चाललं आहे ते दिसण्याचा प्रश्नच नाही, आणि विमानाला मोटारीसारखे आरसे नसतात. म्हणून मागच्या माणसाने सावध राहावं, असा व्यवहार पडला आहे. विमानाच्या सुरक्षिततेची शेवटची जबाबदारी त्याच्या कॅप्टनची, मग तो एकोणीस वर्षांचा विद्यार्थी असला तरी. "कॉशन जेट ब्लास्ट" म्हटलं की टॉवर मोकळा होतो.

हे कायद्याने ठीक आहे, आणि वैमानिकांना मी हेच सांगेन. तरी मला ही वाटणी सोयीची वाटते, न्यायाची वाटत नाही. जो झोत सोडतो त्याला तो दिसत नाही, ज्याच्या अंगावर येतो त्याने ओळखावा. ज्याला सगळं वरून दिसतं त्याने नुसतं सावध करावं. खरा उपाय नकाशावर असतो : प्रशिक्षण क्लबांचं आवार जेटच्या वळणाच्या चापात येणार नाही असं आखणं, छोट्या विमानांना वेगळा टॅक्सीवे देणं, आणि जागा नसेल तिथे झोत वर वळवणारी पत्र्याची वाकडी भिंत उभारणं. विमानवाहू युद्धनौकांवर टेक-ऑफच्या जागेमागे अशी भिंत डेकमधूनच वर उचलली जाते, कारण तिथे मागे पंधरा-वीस पावलांवर दुसरं विमान आणि माणसं असतात. जुन्या विमानतळांवर छोटी विमानं आधीपासून होती, जेट नंतर आली. सामावून मात्र नेहमी छोट्यांनीच घ्यायचं असं ठरून गेलं आहे.

अमेरिकेत वैमानिकांनी आपल्या चुका आणि अडचणी नाव उघड न होता कळवाव्यात म्हणून नासा 1976 पासून एक नोंदयंत्रणा चालवते. तिच्यात जमिनीवरच्या झोताच्या तक्रारीही येतात. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांनी असल्या घटना, विमान उलटलं नाही, फक्त एक पंख वर झाला एवढ्यावर निभावलं, अशाही, डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) आणि विमानतळ प्राधिकरणाला लेखी कळवाव्यात. आवार पुन्हा आखण्याची मागणी त्या कागदांशिवाय पुढे सरकत नाही.

प्रश्न : प्रवाशांना यातून काही धोका आहे का? विमानतळावर कधी कधी चालत विमानापर्यंत नेतात. (कोल्हापूर)

उत्तर : चालत नेताना कर्मचारी तुम्हाला ठरावीक रेघांमधूनच नेतात, मध्ये थांबवतात, मोबाइलवर फोटो काढायला बाजूला सरकलात तर ओरडतात. त्याचं एक कारण हे आहे. पुढची बाजूही तितकीच वाईट. चालू इंजिन समोरची हवा ओढून घेतं. मुंबई विमानतळावर डिसेंबर 2015 मध्ये एका तंत्रज्ञाचा असाच इंजिनात ओढला जाऊन मृत्यू झाला होता.

झोतात सापडून प्रवाशाचा नव्हे, पण पर्यटकाचा जीव गेल्याचं उदाहरण कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावरचं. तिथल्या प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळाची धावपट्टी माहो नावाच्या किनाऱ्याला जवळजवळ टेकलेली आहे. लोक मुद्दाम कुंपणाच्या जाळीला हात घालून उभे राहतात आणि टेक-ऑफ घेणाऱ्या जेटचा वारा अंगावर घेतात. तिथे धोक्याच्या पाट्या आहेत. पाट्यांजवळ उभं राहूनही लोक तेच करतात. जुलै 2017 मध्ये न्यूझीलंडची एक महिला त्या झोताने मागे फेकली गेली, डोक्याला मार बसला आणि तिचा मृत्यू झाला. त्या दिवशीचं विमान होतं मधल्या आकाराचं, बोइंग 737. जाळी धरण्याची हौस बहुतेकांना जम्बोसाठी असते.

तुम्ही विमानात बसल्यावर इंजिनं टर्मिनलला चिकटून लगेच का सुरू करत नाहीत, एक पिवळा ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलून का नेतो, हाही याच गोष्टीचा भाग आहे. नाक टर्मिनलकडे करून उभं असलेलं विमान स्वतःच्या जोरावर तिथे वळवायला गेलं तर झोत काचांवर जाईल. अमेरिकेत काही कंपन्या एके काळी डीसी-9 आणि एमडी-80 सारखी विमानं इंजिनं उलट दिशेने फुंकून स्वतःच मागे नेत असत. इंधन जास्त लागायचं, आवाज प्रचंड, आणि झोत पुढे टर्मिनलकडे जाऊन जमिनीवरचा कचरा, खडे उडवायचा. ती पद्धत मागे पडली आणि ट्रॅक्टर राहिला. पुढच्या वेळी खिडकीतून पाहा : ट्रॅक्टर सुटला की एक माणूस पिन हातात उंच धरून वैमानिकाला दाखवतो आणि लांब बाजूला जाऊन उभा राहतो. विमान हलण्याआधी इंजिनांचा आवाज क्षणभर वाढतो, तो ब्रेक-अवे थ्रस्ट. त्या वेळी मागे कोणी नाही ना, हे पाहण्याचं काम त्याच माणसाचं असतं, आणि सामानाचे रिकामे कंटेनर मागच्या पट्ट्यात सोडून ठेवायचे नाहीत हेही. रिकामा कंटेनर हलका असतो, बाजू मोठ्या असतात, आणि त्याला चाक धरून ठेवायला आत कोणी बसलेलं नसतं.